घनता मायनस असू दे, आत्यांना खाटेवरून उठवा

पत्र (थोडं आटोपतं करून देतेय):

"ताई नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय ७४. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि उजवा खुबा मोडला. मिरजेला नेलं, बीपी आणि शुगर जास्त होती म्हणून तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पीएफएन रॉड टाकलाय. ऑपरेशननंतर दोन रात्री भलतंच बोलत होत्या, गेलेल्या माणसांना हाका मारत होत्या, आता ते बरं आहे. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले हाडं फार ठिसूळ झालीत. घरी आल्यावर धाकट्या दिरांनी दोन वर्षांपूर्वीचा कागद शोधून काढला, गावात फुकट कॅम्प होता तेव्हा टाचेला मशीन लावून तपासलं होतं, त्यावर मायनस ३.४ लिहिलंय. तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच, एवढी कमी घनता असेल तर रॉड धरणार नाही, उभं केलं की निसटंल, तीन महिने हलवू नका. म्हणून आत्या खाटेवरच आहेत, सगळं जागेवर, मीच करते. कालपासून माकडहाडापाशी लाल दिसतंय. डिस्चार्ज कार्डावर डब्ल्यूबीएटी असं काहीतरी लिहिलंय, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सांगितलंय पण नणंदेचे मिस्टर म्हणतात त्यानं हाड जुळत नाही. आत्यांनी जन्मभर द्राक्षबागेत उन्हात काम केलं, मग हाडं अशी कशी झाली? ऑपरेशन फेल जाईल का? – एक सून"

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले, कारण ते माकडहाडापाशीचं लाल. घनता, रॉड, इंजेक्शन सगळ्यावर बोलू, पण पहिलं काम ते.

त्या लाल जागेवर बोटानं हलकं दाबून सोडा. दाबल्यावर पांढरट होऊन परत लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालची लालच राहिली, किंवा कातडी सोलल्यासारखी, फोड आल्यासारखी किंवा काळपट दिसली तर उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांना नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दाखवा. काहीही असलं तरी आजपासून पाठीवर सलग झोपवणं बंद, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, दोन गुडघ्यांच्या मधे उशी ठेवून. पोटरीखाली एक उशी अशी द्या की टाच अधांतरी राहील, टाचेलाही असंच होतं आणि ते मोज्यात नाहीतर गोधडीखाली कुणाला दिसत नाही. ओला कपडा, ओली चादर लगेच बदला. आणि त्या जागेला चोळू नका, पावडर नको, हळदही नको, आपण सांगलीकडची माणसं कशालाही हळद लावतो पण इथं नको. एअर बेड भाड्यानं मिळतो, सर्जिकलच्या दुकानात विचारा.

पण खरं औषध सांगू का, त्या जागेवरचा भार काढणं. आणि तो भार कायमचा काढायचा तर आत्यांना उठवून बसवायला आणि उभं करायला लागणार.

आता तुमच्या कार्डावरचं डब्ल्यूबीएटी. ते आहे वेट बेअरिंग ॲज टॉलरेटेड, म्हणजे सोसेल तेवढं वजन पायावर द्या. ताई, ज्या माणसानं तो रॉड टाकला, ज्यानं आत्यांचं हाड डोळ्यांनी आणि मशीनवर बघितलं, त्यानं स्वतः कार्डावर लिहून दिलंय की चालवा, आणि पाच आठवडे ते कार्ड पिशवीत एक्स-रेच्या मागं पडून आहे कारण ती चार अक्षरं तुम्हाला कुणी मराठीत सांगितली नाहीत. मला याचा फार त्रास होतो. मी बावीस वर्षं सांगलीत आणि आजूबाजूच्या गावांत घरी जाऊन फिजिओथेरपी देते, आणि दर दोन-चार महिन्यांनी असं एक घर भेटतंच जिथं ऑपरेशन उत्तम झालंय, कार्डावर सगळं बरोबर लिहिलंय, आणि माणूस खाटेवर वाळत चाललंय. तुमची यात चूक नाही. पण आता अर्थ कळला, आता थांबायचं नाही. फक्त एक करा, आजच सर्जनच्या दवाखान्यात फोन लावा आणि सरळ शब्दांत विचारा, "पेशंट पाच आठवडे झोपून आहे, आता उभं करून पूर्ण वजन दिलं तर चालेल ना?" काही फ्रॅक्चरमध्ये तुकडे जास्त असले तर ते अर्धं वजन द्या म्हणतात, तेवढं त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

मी एवढी का कळकळ करतेय ते सांगते. माझी मावशी होती कोरेगावकडची. माझं शिक्षण अजून चालू होतं तेव्हा तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि घरी येताना कुणीतरी, डॉक्टर होता का कंपाउंडर आता आठवत नाही, म्हणाला की हाडं चुन्यासारखी झालीत, जपा. झालं, आम्ही जपलं. पायाला धक्का लागू नये म्हणून चौघं मिळून चादरीसकट उचलायचो. दुसऱ्या महिन्यात पाठीला जखम झाली, तिसऱ्यात खोकला धरला, छाती भरली, आणि चौथ्या महिन्यात ती गेली. जायच्या आठवड्याआधी एक्स-रे काढला होता, तो मी नंतर कितीतरी वेळा उजेडात धरून बघितला. रॉड जागच्या जागी. हाड जुळत आलेलं. ठिसूळ हाडानं मावशीला दगा दिला नव्हता, आम्ही तिला झोपवून घालवलं.

म्हणून ऑपरेशन फेल जाईल का हा तुमचा प्रश्न मला अर्धा वाटतो. रॉड टिकला पण माणूस टिकलं नाही तर ते ऑपरेशन पास कसं म्हणायचं? खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षभरात साधारण पाचातलं एक, काही ठिकाणी चारातलं एक माणूस जातं हा जगभरातला अनुभव आहे. ही भीती घालायला सांगत नाही. पण ती माणसं रॉड निसटल्यामुळं क्वचित जातात, जातात ती न्यूमोनियानं, रक्ताच्या गुठळीनं, पाठीच्या जखमेनं, हृदय थकून, आणि यातलं बरंच काही अंथरुणाला खिळल्यामुळं वाढतं. २००७ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात धडधाकट वयस्कर माणसांना, काहीही मोडलेलं नसताना, नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर दोन्ही पायांचा मिळून जवळजवळ किलोभर मांसाचा भाग कमी झाला. दहा दिवस. आत्यांना पस्तीस दिवस झालेत.

बरं आता घनतेचं. घनतेला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. जुन्या वाड्यातली पांढऱ्या मातीची भिंत तुम्ही बघितलीच असेल, तिच्यात खुंटी ठोकायची तर सिमेंटच्या भिंतीसारखी घट्ट धरणार नाही हे बरोबर आहे. पण त्याच मातीच्या भिंतीत आपल्या आज्यांच्या खुंट्या पन्नास पन्नास वर्षं टिकल्या, त्यावर जू, दोरखंड, पाण्याच्या कावडी टांगल्या, कारण ठोकणाऱ्याला माहीत होतं कुठं ठोकायची आणि किती खोल. रॉडचंही तसंच. पीएफएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीतून बसवलेला रॉड, त्याचा जो मोठा स्क्रू वर खुब्याच्या गोळ्यात जातो त्याचं टोक गोळ्याच्या मधोमध आणि पुरेसं खोल बसलं पाहिजे. १९९५ पासून हाडाचे डॉक्टर त्यासाठी एक माप धरतात, टिप-ॲपेक्स डिस्टन्स म्हणतात त्याला, समोरून आणि बाजूनं काढलेल्या दोन एक्स-रेंत स्क्रूचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती लांब आहे त्याची बेरीज, ती २५ मिलिमीटरच्या आत हवी. आत असेल आणि मोडलेले भाग नीट जुळवलेले असतील तर ठिसूळ हाडातही स्क्रू सहसा धरून राहतो, आणि तेच चुकलं असेल तर बऱ्या हाडातूनही गोळा फाडून बाहेर येऊ शकतो. म्हणजे रॉड टिकेल का याचं उत्तर त्या टाचेच्या कागदापेक्षा ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत जास्त आहे. पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांचा एक्स-रे असेल, तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा, "स्क्रूची पोझिशन कशी आहे, पहिल्या एक्स-रेपेक्षा काही हललंय का?"

आणि अजून एक जे घरात सगळ्यांना सांगायला हवं. वजन दिल्यानं निसटंल हा समज त्या रॉडच्या रचनेच्याच उलट आहे. तो मोठा स्क्रू रॉडच्या आत थोडा मागं सरकू शकेल असाच बनवलेला असतो, म्हणजे पाय टेकला की मोडलेले दोन भाग एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबानं जुळायला मदत होते. त्यात पाय थोडासा आखूड होतो कधीकधी, चपलेला टाच वाढवून घेतली की चालतं, त्याला फेल म्हणत नाहीत.

मग तो मायनस ३.४ चा कागद. टाचेवर मशीन ठेवून बघतात ती बहुतेक ध्वनिलहरींची तपासणी असते, डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजायची तपासणी, नव्हे. हाडं ठिसूळ आहेत का याचं जे जगभर मानलेलं माप आहे, टी-स्कोअर (तरुण, धडधाकट माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) मायनस १ च्या वर असेल तर ठीक, मायनस १ ते मायनस २.५ म्हणजे घसरण लागलीय, आणि मायनस २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हे खुब्याच्या नाहीतर मणक्याच्या डेक्सासाठी ठरवलेलं आहे, १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं. टाचेच्या आकड्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही. कॅम्पचा उपयोग एवढाच की पुढं नीट तपासा अशी खूण मिळते, आणि ती खूण दोन वर्षं कपाटात राहिली याचं वाईट वाटतं. पण आता त्या आकड्यावर भांडण्यात अर्थच नाही, कारण उभ्या उंचीवरून घसरून पडल्यावर या वयात खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत हे सिद्धच झालं, स्कोअर काहीही येवो. तुमच्या डॉक्टरांनी नुसता एक्स-रे बघून सांगितलं तेही हवेत नव्हतं, खुब्याच्या वरच्या टोकात हाडाच्या बारीक बारीक रेघांची जाळी असते, कमानीसारखी, हाड विरळ होत जातं तशा त्या रेघा एकेक करून पुसट होतात, आणि त्यावरून सहा ते एक अशी पायरी लावायची पद्धत १९७० साली सिंग, नागरथ आणि मैनी या आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी मांडली. खेड्यापाड्यात मशीन नसताना त्या एका एक्स-रेवर कितीतरी निदानं झालीत.

डेक्सा करा, जमेल तेव्हा. पुढं औषधाचा फरक पडतोय का ते बघायला आजचा आकडा लागतो. पण रॉड टाकलेल्या बाजूला करत नाहीत, धातूमुळं आकडा चुकतो, डाव्या खुब्याचा करतात. मणक्याचा आकडा एवढ्या वयात फसवा असतो, मणक्याला झीज होऊन हाड वाढलेलं असलं की घनता उगाच चांगली दिसते. आणि आत्यांना शुगर आहे ना, शुगरवाल्यांत घनता बरी दिसत असतानाही हाड मोडतं, म्हणून पुढं कधी आकडा चांगला आला तरी औषध आपल्या मनानं बंद करू नका.

उन्हात राबलेल्या बाईची हाडं अशी कशी, हे तुम्ही विचारलंत आणि मला ते फार खरं वाटलं, कारण प्रत्येक घरात हेच विचारतात. एक तर ऊन अंगाला लागायला हवं, आपल्या बायका बागेत काम करतात ते डोक्यावरून पदर, वरून टॉवेल, हातात बाह्यांचा जुना शर्ट घालून, ऊन लागतं ते चेहऱ्याला आणि मनगटाला. त्यात वय झालं की कातडी ड जीवनसत्त्व कमी बनवते. पण त्याहून मोठं कारण वेगळंच असतं. आत्यांची पिशवी काढलीय का, आणि कितव्या वर्षी? आपल्याकडं पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि बरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी नैसर्गिक जाण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच हाडाचं संरक्षण जातं. शिवाय मिश्री. शिवाय गुडघेदुखीवर कुठूनतरी आणलेल्या पुड्या, ज्यात काय असतं कुणाला माहीत नसतं आणि कितीतरींत स्टेरॉइड सापडलेलं आहे, त्यानं दुखणं दोन दिवसांत पळतं आणि हाड आतून पोखरतं. पाठीला बाक आलाय का, उंची कमी झालीय का तेही आठवून बघा, कारण ते मणके आधीच दबल्याची खूण असते. हे सगळं डॉक्टरांना सांगा, आपण होऊन सांगा, ओपीडीच्या गर्दीत ते विचारतीलच असं नाही.

आता इंजेक्शन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लिहून देणारी नाही, पण जे पक्कं आहे ते सांगते. वर्षातून एकदा म्हणजे ते झोलेड्रोनिक ॲसिड असणार, सलाईनमधून देतात, पंधरा मिनिटं ते अर्धा तास. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याच माणसांवर त्याचा मोठा अभ्यास झालाय, २१२७ पेशंट होते, २००७ साली आला. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत दिलं होतं. ज्यांना मिळालं त्यांच्यात नवीन फ्रॅक्चर ३५ टक्के कमी झाली, आणि मृत्यूही कमी, न मिळालेल्यांत शंभरातले तेरा गेले तर मिळालेल्यांत दहाच्या आत. नणंदेच्या मिस्टरांना एवढं सांगा की हाड जुळायला उशीर होतो का हे त्याच अभ्यासात मुद्दाम बघितलं आणि तसा फरक दिसला नाही. दोन आठवडे उलटल्यावर दिलेलं बरं असतं, ते आत्यांचे कधीच उलटलेत.

पण देण्याआधी तीन गोष्टी बघून घ्यायच्याच. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आधी भरून काढलेलं हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. किडनीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, आत्यांना बीपी-शुगर दोन्ही आहे म्हणून तर नक्कीच. आणि दात. मिश्रीवाल्या आज्यांचे दात मी बघते ना, एखादा हलणारा, एखादा किडून मुळापर्यंत गेलेला, तो काढायचा असेल तर इंजेक्शनच्या आधी काढून जखम भरू द्या, कारण नंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंग मोडून येणं होतं, घाबरू नका, पाणी भरपूर आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल. खर्च परवडत नसेल तर सिव्हिलला विचारा, गप्प बसून ते टाळू नका. आणि कुणी सहा महिन्यांतून एकदाचं दुसरं इंजेक्शन, डेनोसुमॅब सुचवलं तर एक लक्षात ठेवा, ते मधेच सोडलं तर मणके पटापट दबू शकतात, म्हणून तारीख चुकवायची नाही आणि बंद करायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० च्या पुड्या किंवा कॅप्सूल दिल्या असतील तर त्या आठवड्यातून एक, रोज नव्हे. रोज घेऊन अंगावर आलेल्या दोन आज्या मी स्वतः बघितल्यात, उलट्या, ग्लानी, ॲडमिट करावं लागलं.

आता उठवायचं कसं. हे नीट वाचा, जमलं तर दिरांनाही वाचून दाखवा.

खाट आधी बघा. सुंभाची किंवा पट्टीची झोळ आलेली खाट असेल तर त्यावरून कुणीच उठू शकणार नाही, वर फळी टाका, पायांखाली विटा देऊन उंच करा, इतकी की आत्या कडेला बसल्या की पावलं सपाट जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत. अर्धा तास आधी दुखण्याची गोळी, डॉक्टरांनी दिलेलीच. पहिल्या दिवशी फक्त कडेला बसवायचं, पाय खाली सोडून, पाच-दहा मिनिटं. चक्कर येईल, पाच आठवडे आडवं राहिल्यावर रक्तदाब उठताना पडतोच, म्हणून समोर कुणीतरी उभं हवं. बसल्या बसल्या पावलं वरखाली करू द्या, गुडघा सरळ करून पाच आकडे धरू द्या. दिवसातून तीन-चारदा बसवा, जेवण बसूनच द्या, त्यानं छातीही मोकळी राहते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, चक्कर थांबली आणि डॉक्टरांचा होकार आला की उभं करायचं. वॉकर चार पायांचा, बिनचाकाचा. उंची अशी की हात सैल सोडले की वॉकरच्या मुठी मनगटाच्या रेषेला येतील. उठताना वॉकरला धरून ओढून उठायचं नाही, एक हात खाटेवर दाबून उठायचं आणि मग वॉकर धरायचा. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला जरा मागं उभ्या राहा, काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो, कमरेला ओढणी नाहीतर जाड टॉवेल बांधून त्याला धरा. मग क्रम, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी आली तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पहिल्यांदा उभ्या राहतील तेव्हा त्यांचे हात बघा. वॉकर इतका घट्ट आवळतील की बोटांची पेरं पांढरी पडतील आणि बांगड्या वाजायला लागतील. सगळं वजन हातांवर असेल, दुखरा पाय नुसता टेकवलेला, टाच अधांतरी. तेव्हा "चाला चाला" म्हणू नका. "आत्या, टाच टेकवा" एवढंच म्हणा, आणि थांबा. टाच खाली येते तो क्षण मी शेकडो वेळा बघितलाय, माणूस एकदम श्वास सोडतं, कारण त्याला कळतं की पाय धरतोय. दुखेल, हो, मांडीत आणि जांघेत खेचल्यासारखं दुखेल, सोसेल एवढं दुखणं चालतं. दोन मिनिटं उभ्या राहिल्या तरी पहिला दिवस भरला. मग रोज चार पावलं वाढवायची. शक्य असेल तर पहिले पाच-सहा दिवस कुणीतरी फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा, मिरज-सांगलीकडून तासगावच्या बाजूला येणारे आहेत, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात विचारा.

संडासला कमोडची खुर्ची आणा, खाटेशेजारी ठेवता येते, उकिडवं बसणं आत्ता नाही. पीएफएनवाल्यांना खुब्याचा बॉल, म्हणजे गोळाच, बदललेल्यांसारखी खुबा निखळायची भीती नसते, पण खालून उठता येत नाही आणि तिथंच दुसरं पडणं होतं. दुसरा खुबा मोडायची जोखीम आत्यांना आता इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून ती न्हाणी बदलल्याशिवाय त्यांना तिकडं पाठवू नका, शहाबादी फरशीवर शेवाळ असेल तर घासून खरखरीत पट्ट्या लावा, भिंतीला दांडी ठोका, रात्रभर एक बारीक बल्ब जळू दे, दारातलं पायपुसणं काढा. मोतीबिंदू पिकलाय का बघा, आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती खरंच लागते का ते डॉक्टरांना विचारा. ऑपरेशननंतर दोन रात्री त्या बडबडत होत्या ना, या वयात ऑपरेशन, वेदना, परकी जागा यानं तसं होतं, वेड लागलं असं नाही, पण अशा माणसाला झोपेच्या गोळीनं परत तसंच होऊ शकतं.

खाण्याचं फार लांबवत नाही. आत्यांचं वजन पन्नास किलो धरलं तर दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि चहा-बिस्किट, भाताची पेज यात ती येत नाहीत. किडनीचा रिपोर्ट बरा असेल तर खात असतील तर दोन अंडी, दोन वेळा घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ कुस्करून, दोन कप दूध, वाटीभर दही, असं मोजून द्या. नाचणीत शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिची भाकरी नाहीतर आंबील, तिळाची चटणी. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, आणि रक्तवाढीच्या गोळीबरोबर एका वेळी नको.

हे दिसलं तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना: आधी सोसत होतं आणि अचानक जांघेत किंवा मांडीत दुखणं वाढलं, पाय एकदम आखूड दिसायला लागला किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला फिरून पडलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला. एकाच पोटरीला सूज येऊन ती टणक, गरम झाली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर रात्र असली तरी निघा.

आणि ताई, तुम्ही. पत्रात स्वतःबद्दल दोनच शब्द लिहिलेत, "मीच करते". पाच आठवडे एका मोठ्या माणसाला एकटीनं कुशीवर वळवून तुमच्या कमरेचं काय झालं असेल ते मला दिसतं. वळवायला दोन माणसं हवीत, रात्रीची पाळी दिरांनी किंवा मालकांनी घ्यायलाच हवी, हे मी लिहिलंय म्हणून सांगा. तुमची पाळी गेली असेल किंवा पिशवी काढली असेल तर तुमचंही कॅल्शियम, ड आणि पुढं डेक्सा याबद्दल त्याच खेपेला डॉक्टरांना विचारून घ्या.

आत्या पहिल्यांदा उभ्या राहतील तेव्हा दिरांना आणि नणंदेच्या मिस्टरांनाही खोलीत बोलवा. तो कागद त्यांनी काढलाय, भीती त्यांच्या मनात आहे, आणि ती माझ्या लिहिण्यानं जाणार नाही. टाच टेकते ते त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. एक्स-रे झाला की कळवा, मी वाट बघते.